मोटार रिवाइंडिंगच्या पाटीखालचं रॅकेट गटिंग: पाचपैकी साडेचार

आधी पत्त्याचं सांगते, कारण पहिल्या दिवशी आम्ही दोघी याच दुकानावरून तीनदा पुढे निघून गेलो होतो. नाशिकच्या सातपूरला त्र्यंबक रोड सोडून आत वळलं की लेथवाले, वेल्डिंगवाले, गॅरेजं अशी रांग लागते. त्या रांगेत एक पाटी आहे, ‘सबमर्सिबल व ओपनवेल मोटार रिवाइंडिंग’. तिच्या खाली, उरलेल्या रंगात, जरा तिरकं, ‘रॅकेट गटिंग’, म्हणजे टेनिसच्या रॅकेटला तार बसवणं. संपलं. नाव नाही, रॅकेटचं चित्र नाही. दारात निफाड-पिंपळगावकडून आलेल्या जळक्या मोटारी, आत वार्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं, आणि त्या सगळ्याच्या मागे एका टेबलावर गटिंगचं मशीन. नवीन माणूस दारातूनच परत फिरतो. ताई तर म्हणालीच होती, “चल गं, इथे रॅकेटचीसुद्धा कॉइल करून ठेवतील.”

ताई म्हणजे माझी मोठी जाऊ. वय ५३. मी ४८, कनिष्ठ महाविद्यालयात फिजिक्सची प्रॅक्टिकल्स घेते. गेली अकरा वर्षं आम्ही दोघी सकाळी सहा ते सव्वासात टेनिस खेळतो, डबल्स, एकाच बाजूने. लोकांना याचं फार आश्चर्य वाटतं. जावाजावा आणि एका बाजूने? पण घरात ज्या गोष्टी बोलता येत नाहीत त्या कोर्टावर बरोबर बोलता येतात. “माझा होता तो बॉल” हे वाक्य स्वयंपाकघरात म्हणून बघा.

तर मुद्दा असा की आम्ही दोघी फक्त डबल्स खेळतो, सिंगल्स कधीच नाही. आणि ही गोष्ट नाशकातल्या एकाही दुकानदाराने आम्हाला विचारली नव्हती.

याआधी आम्ही एका चांगल्या चकचकीत दुकानात जायचो. नाव लिहीत नाही. एसी, काचेचं दार, काउंटरवर टी-शर्टातला मुलगा. रॅकेट दिली की तो एकच प्रश्न विचारायचा, “मॅम, प्रो वाली टाकू?” प्रो वाली म्हणजे पॉलिएस्टर. टीव्हीवरचे सगळे तीच वापरतात म्हणे. टाकली. ५८ पाउंडावर ओढली. किलोत सांगायचं तर साधारण २६.३. तारेवर बोट मारलं की सतारीसारखी वाजायची, मला तेव्हा ते फार भारी वाटलं होतं. तीन महिन्यांत माझा उजवा कोपर गेला. फळ्यावर लिहिताना खडू हातातून पडायचा, पोळ्या लाटणं बंद झालं (ते ताईच्या अंगावर गेलं, तिने ते अजून विसरलेलं नाही). फिजिओथेरपिस्टने कोपर दाबून बघितला आणि पहिला प्रश्न केला, “रॅकेटला तार कुठली आहे?” मला सांगता येईना. बिलावर नुसतं ‘स्ट्रिंग’ लिहिलं होतं.

त्याच फिजिओने या रिवाइंडिंगवाल्याचा पत्ता दिला.

भाऊंनी (सगळे त्यांना भाऊच म्हणतात) रॅकेट हातात घेतली, तळव्यावर तारा दाबून बघितल्या, नाक मुरडलं आणि विचारलं, “सिंगल्स की डबल्स?”

मी म्हटलं डबल्स.

“जाळीजवळ कोण असतं? तुम्ही की या?”

ताई म्हणाली, “मी. माझे गुडघे मागे धावत नाहीत.”

“आणि सर्व्हिस कोणाची जोरात?”

कोणाचीच नाही, असं आम्ही दोघींनी एकदम सांगितलं. तेव्हा ते पहिल्यांदा हसले. मग एका जाड वहीत त्यांनी लिहायला घेतलं. वहीत प्रत्येक रॅकेटची नोंद असते: कधी आली, कुठली तार, किती पाउंड, किती दिवसांनी तुटली किंवा मेली. ‘मेली’ हा त्यांचा शब्द. पॉलिएस्टर तार तुटत नाही, पण थोड्या तासांच्या खेळानंतर तिच्यातला जीव जातो, ताण उतरतो, आणि मग बॉलचा सगळा धक्का कोपराला बसतो. तुटली नाही म्हणून आपण खूश, इकडे हात कामातून जातो.

त्यांचं म्हणणं मला शिक्षक म्हणून पटलं, म्हणून इथे मांडते. सिंगल्सचं कोर्ट २७ फूट रुंद, डबल्सचं ३६. डबल्सला दोघं, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १८ फूट. पळणं कमी. पण समोर जाळीपाशी एक जण ठाण मांडून असतो, त्यामुळे वेळही कमी. मोठा हात फिरवून मारायला सवडच नसते. रॅकेट नुसती आडवी धरायची, बॉल अडवायचा, ढकलायचा, नाहीतर डोक्यावरून लॉब टाकायचा. हात लांबून येत नसेल तर जोर कुठून येणार? तारेतून. तार जरा सैल असली की बॉल तिच्यात रुततो आणि परत फेकला जातो. ज्याचा हात आधीच तलवारीसारखा चालतो त्याला ताठ तार ठीक आहे, तिने बॉल कोर्टात राहतो. आमच्यासारख्यांना ५८ पाउंड म्हणजे फळकुटाने खेळणं.

मला त्यांनी मल्टिफिलामेंट सुचवली, ५० पाउंड. ही बारीक तंतूंची वळलेली, मऊ तार असते. ताईला साधी सिंथेटिक गट, ४६. ताईने तिथेच विचारलं, गट गट म्हणतात ते काय असतं? भाऊंनी शांतपणे सांगितलं की गट म्हणजे आतडं. बॅबोलॅट कंपनीने १८७५ साली फ्रान्सातल्या ल्योन शहरात मेंढीच्या आतड्यापासून टेनिसची तार केली, आता गाईच्या आतड्याची करतात, अजून विकत मिळते, महाग असते, हाताला सगळ्यात हलकी. आपल्याकडे तार नायलॉनची आली तरी काम ‘गटिंग’च राहिलं. ताईचा गुरुवार होता. ती रॅकेटकडे बघत राहिली. “माझ्यात नाही ना?” नाही, म्हणाले भाऊ, तुमच्यात नायलॉन.

आता कामाबद्दल. मी पाऊण तास उभी राहून बघितलं आहे, बसायला जागा नाही म्हणूनही. जुनी तार कापताना ते मधूनच सुरुवात करतात, मग आलटून पालटून बाहेरच्या बाजूला येतात, म्हणजे चौकटीवर एकाच बाजूने ताण येत नाही. त्या चकचकीत दुकानात मुलगा कात्रीने सरळ एका टोकाकडून कापत जायचा, हे आठवून मला आता घाम फुटतो. मग रॅकेट मशीनवर सहा ठिकाणी धरतात, उभ्या सोळा तारा आधी, मग आडव्या एकोणीस, एक वर एक खाली विणत. बोटं त्यांची वायंडिंगवाल्याची आहेत, मोटारीच्या स्लॉटमध्ये तार बसवून बसवून घडलेली. एकही आडवी तार वाकडी नाही, पीळ नाही. चौकटीतल्या भोकाची प्लास्टिकची नळी फुटली असेल तर ती बदलतात आणि त्याचे दहा-वीस रुपये बिलात वेगळे लिहितात.

मशीन इलेक्ट्रॉनिक नाही. हँडल फिरवायचं, ठरलेल्या ताणाला खटकन लॉक बसतो. अशा मशीनचा आतला स्प्रिंग कालांतराने ढिला पडतो, म्हणून मला शंका होतीच. दुसऱ्या वेळी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला स्प्रिंग बॅलन्स पर्समध्ये घालून नेला. ताई शरमेने बाहेर मोटारींपाशी जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, भाऊ, रागावू नका, मला मोजायचंय. ते म्हणाले, मोजा की मॅडम. ५० पाउंड लावले, म्हणजे काटा २२.७ किलोवर यायला हवा. आला २२.२ वर. मी विजयी चेहऱ्याने बघितलं. भाऊंनी काही न बोलता खणातून स्वतःचा काटा काढला, तो लावला. २२.७. मग माझा बॅलन्स हातात घेऊन मोकळा लटकवला. शून्याच्या अर्धा किलो खाली.

अकरावीच्या पोरांना पहिल्याच प्रॅक्टिकलला मी काय शिकवते? उपकरण हातात घेतलं की आधी शून्यत्रुटी बघा. असो. त्या वर्षी आमच्या लॅबचे चारही बॅलन्स बदलले गेले, त्याचं श्रेय सातपूरला.

भिंतीबद्दल लिहिल्याशिवाय हे दुकान पूर्ण होत नाही. मशीनच्या मागच्या भिंतीवर, जिथे इतरांकडे सचिन असतो, तिथे टेनिसमधल्या डबल्सच्या रोहन बोपण्णाची कात्रणं आहेत. लिएंडर पेस नाही, सानिया नाही. मी विचारलं, पेसची पुरुष दुहेरीत आठ आणि मिश्रमध्ये दहा ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धा) आहेत, अटलांटा ऑलिंपिकचं ब्राँझ आहे, मग तो का नाही? भाऊ म्हणाले, “पेस वेगळाच होता मॅडम. देवाने दिलेला. हा माणूस आपल्यासारखा, दुरुस्ती करत करत चाललेला.”

यावर त्यांचं आणि ताईचं जे जुळलं ते जुळलंच. ताई गुडघ्यांमुळे बोपण्णाची भक्त आहे. त्याच्या गुडघ्यांमधली कूर्चा झिजून गेलेली, रोज वेदनाशामक गोळ्या घेऊन खेळायचा, मग अय्यंगार योगाकडे वळला आणि गोळ्या सुटल्या. ताईनेही तोच योग लावला आहे. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे. आमच्या हॉलमध्ये खुर्च्यांचा उपयोग आता बसण्यासाठी होत नाही.

भाऊ काम करता करता त्याची कारकीर्द सांगतात, आणि ते ऐकणं हा या सेवेचा भाग आहे असं मी धरते. म्हणजे बघा, कूर्गच्या कॉफीच्या मळ्यातला मुलगा, टेनिस सुरू केलं अकराव्या वर्षी, हल्लीच्या हिशोबाने उशिराच. सिंगल्समध्ये फार वर जाता येणार नाही हे कळलं तेव्हा डबल्स धरलं. २०१० मध्ये पाकिस्तानच्या ऐसाम कुरेशीबरोबर यूएस ओपनची फायनल, समोर ब्रायन बंधू, दोन्ही सेट टायब्रेकला (६-६ नंतरच्या निर्णायक गेमला) जाऊन हरले. त्यानंतर पुरुष दुहेरीच्या ग्रँड स्लॅम फायनलला पुन्हा पोचायला तेरा वर्षं लागली. तेरा! मधल्या काळात जोडीदार किती. महेश भूपती, त्याच्याबरोबर २०१२ च्या वर्षअखेरच्या स्पर्धेत उपविजेता. रुमेनियाचा मेर्जा, २०१५ ला पुन्हा तिथेच उपविजेता. उरुग्वेचा क्युवास, त्याच्याबरोबर २०१७ चं माँटे कार्लो जिंकला. त्याच वर्षी कॅनडाच्या गॅब्रिएला दाब्रोव्स्कीबरोबर फ्रेंच ओपनची मिश्र दुहेरी, पहिला सेट २-६ गेलेला, शेवटचा टायब्रेक १२-१०, दोन मॅच पॉइंट वाचवून. तेव्हा तो ३७ चा होता आणि हे त्याचं पहिलं ग्रँड स्लॅम.

“एवढे जोडीदार बदलले म्हणजे स्वभावाला औषध नसणार,” असं मी एकदा म्हटलं. भाऊंना ते आवडलं नाही. त्यांनी समजावलं की डबल्सची रँकिंग जोडीची नसते, माणसाची असते. प्रत्येकाचे गुण वेगळे मोजतात. एकाचा पाय मुरगळला, एकाला घरी मूल झालं, एकाने सिंगल्सकडे लक्ष द्यायचं ठरवलं, की दुसऱ्याने पुढच्या सोमवारच्या आत कोणीतरी शोधायचा, नाहीतर आठवडा फुकट. आणि पैसा? २०२४ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पुरुष एकेरीच्या विजेत्याला ३१.५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर होते. पुरुष दुहेरीत जिंकणाऱ्या जोडीला ७.३ लाख, तेही दोघांत वाटून. त्यातूनच कोच, फिजिओ, विमानं, हॉटेलं आणि, भाऊ इथे मशीनवर थाप मारतात, गटिंग. मोठे खेळाडू मॅचला जाताना ताज्या गटिंगच्या तीन-चार रॅकेट नेतात. आमचं एकच गटिंग वर्षभर चालायचं.

(तसं चालू नये. भाऊंचा ठोकताळा साधा आहे, आठवड्यात जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षात तार बदला. आम्ही पाच दिवस खेळतो. ताईने हा हिशोब ऐकून विषय बदलला होता. आम्ही तीनवर तडजोड केली आहे.)

बोलता बोलता असं निघालं की ५ जानेवारी २०१९ ला भाऊ पुण्यात बालेवाडीला होते, मुलीला घेऊन. आणि आम्ही दोघीही तिथेच होतो! पहाटे साडेचारला नाशिक सोडलं होतं, सिन्नर घाटात धुकं, संगमनेरला चहा, नारायणगावला ट्रॅफिक. बोपण्णा आणि दिविज शरणने महाराष्ट्र ओपनची फायनल ६-३, ६-४ अशी मारली. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय आठवतं सांगू? दर पॉइंटनंतर ते दोघं जवळ यायचे, तोंडावर बॉल धरून काहीतरी कुजबुजायचे, हातावर हात मारायचे, हरलेल्या पॉइंटनंतरसुद्धा. ताई मला कोपराने ढोसत होती, बघ, बघ, चुकल्यावरही टाळी देतात. त्याच दिवशी सिंगल्सच्या फायनलला केव्हिन अँडरसन आणि ३९ वर्षांचा कार्लोविच तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत झुंजले, ते मात्र आम्हाला फारसं आठवत नाही. परतीच्या गाडीत आम्ही ठरवलं की आपणही दर पॉइंटनंतर टाळी द्यायची. पहिले पंधरा दिवस लाज वाटली. मग सवय झाली. सासूबाईंसमोर एकदा घरात चुकून दिली गेली, दूध उतू गेल्यावर.

भाऊंची मुलगी राज्य पातळीपर्यंत खेळली. हे मशीन तिच्यासाठीच सेकंडहँड घेतलेलं. दर आठवड्याला तार तुटायची आणि दर आठवड्याला बाहेर गटिंग करून घेणं परवडेना, म्हणून बापाने हिशोब केला, मशीनचे पैसे दीड वर्षात सुटतात. पुढे तिने टेनिस सोडलं, ती आता पुण्यात नोकरी करते. मशीन राहिलं. भाऊ इतकंच सांगतात आणि पुढची तार ओवायला घेतात, त्यापुढे मी कधी विचारलं नाही.

आता दर. हे मला पडलेले, तुम्ही गेलात तेव्हा विचारून घ्या. नुसती मजुरी २०० रुपये, तार तुम्ही आणलीत तरी तेवढीच, तोंड वाकडं न करता. सिंथेटिक गट मजुरीसकट ५५० ला पडली, माझी मल्टिफिलामेंट ११५० ला. ग्रिप बदलायची असेल तर वेगळी. बिलावर तारेचं नाव, जाडी, पाउंड, तारीख, सगळं लिहून मिळतं, रॅकेटच्या गळ्याला छोटं स्टिकरही लावतात. माझा कोपर चार महिन्यांत बरा झाला. फक्त तारेने झाला असं मी म्हणणार नाही, फिजिओचे व्यायामही होते, पण ५८ वर परत जायची माझी हिंमत नाही.

तक्रारी. आहेत, आणि त्या लिहायलाच हव्यात.

एक म्हणजे वेळ. उद्या म्हणाले की परवा समजा. आणि ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत रॅकेट घेऊन जाऊच नका. द्राक्षबागांना पाणी चालू, रात्रीची लाइट, व्होल्टेज वरखाली, मोटारी धडाधड जळतात. दारात ट्रॅक्टर उभा असतो आणि शेतकरी डोक्याला हात लावून बसलेला असतो. अशा वेळी भाऊ रॅकेटला हात लावत नाहीत आणि मला ते बरोबरच वाटतं. बाग सुकतेय आणि आपण बॅकहँडचं रडगाणं काय गायचं. पण आमची क्लबातली स्पर्धा नेमकी दिवाळीच्या आसपास असते, म्हणून मी सप्टेंबरातच दोन्ही रॅकेट टाकून येते.

दुसरी, एकदा त्यांनी घोटाळा केला. ताईच्या रॅकेटला माझे ५० आणि माझ्या रॅकेटला तिचे ४६. दोघींच्या रॅकेट एकाच मॉडेलच्या, एकत्र घेतल्या तेव्हा सूट मिळाली होती. त्या दिवशी ताईचे सगळे लॉब अर्ध्यात पडले आणि माझे रिटर्न मागच्या जाळीला. आम्ही ६-१ हरलो आणि घरी जाईपर्यंत एकमेकींशी बोललो नाही. टाळ्याही दिल्या नाहीत. संध्याकाळी स्टिकर वाचल्यावर कळलं. भाऊंनी दोन्ही पुन्हा करून दिल्या, पैसे घेतले नाहीत, वहीत लाल पेनाने खूण केली. तरी अर्धा तारा मी त्यासाठी कापला आहे.

तिसरी, बसायला काही नाही, गाडी लावायला जागा नाही, आणि मशीनपाशी मोबाइलवर मोठ्याने बोललात तर सरळ बाहेर जा म्हणतात. मला चालतं. गंगापूर रोडवरचे काही पालक नाराज होऊन गेलेले मी पाहिले आहेत. एकाने मुलासाठी “प्रो वाली” मागितली होती, मुलगा दहा वर्षांचा. भाऊंनी साफ नाही म्हटलं, या वयात पॉलिएस्टर हाताला नको. गिऱ्हाईक गेलं. त्यांनी मोटार उघडायला घेतली.

एक दिवस मात्र छाटणीच्या हंगामातही ते मशीन चाललेलं मी बघितलं. १ नोव्हेंबर २०२५, शनिवार. बोपण्णाने निवृत्ती जाहीर केल्याची बातमी फोनवर आली तेव्हा मी तिथेच होते, वाटेत होतं म्हणून नुसती ग्रिप घ्यायला गेले होते. ४५ व्या वर्षी थांबला. शेवटची स्पर्धा पॅरिसची, कझाकस्तानच्या बुब्लिकबरोबर, म्हणजे शेवटच्या आठवड्यातसुद्धा नवा जोडीदार. मी बातमी वाचून दाखवली. भाऊंनी हातातली तार खाली ठेवली, हात पुसले, भिंतीवरचं २७ जानेवारी २०२४ चं कात्रण जरा सरळ केलं. मॅथ्यू एब्डन आणि तो, मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल, बोलेली-वावासोरीविरुद्ध ७-६, ७-५. त्या दिवशी तो ४३ वर्षांचा होता, पुरुष दुहेरीत पहिलं ग्रँड स्लॅम, आणि दोनच दिवसांनी जगात पहिला नंबर, इतक्या वयात आजवर कुणालाच मिळाला नव्हता असा. ज्या माणसाने २०२१ साली पाच महिने एकही मॅच न जिंकता काढले, हे त्याने स्वतःच सांगितलंय, त्याचा.

मग भाऊंनी मला विचारलं, “तुमच्या ताईंची रॅकेट गाडीत आहे का?”

होती. बाहेर पिंपळगावचे दोन शेतकरी थांबलेले. भाऊ त्यांना म्हणाले, पाऊण तास द्या, चहा घेऊन या. आणि ४६ पाउंडावर ताईचं गटिंग केलं, एक शब्द न बोलता, कारकीर्दही न सांगता. पैसे घेतले, पूर्ण घेतले. वहीत आमच्या दोघींच्या रॅकेट एकाच पानावर आहेत, वर ‘जावा’ लिहिलंय, खाली दोन रकाने. ताईच्या रकान्यात तारीख टाकली.

जाण्याआधी फोन करा, सोमवारी बंद असतं, पैसे रोख किंवा यूपीआय, कार्ड चालत नाही. पाटी शोधू नका, दारातल्या मोटारी बघा. मी साडेचार तारे देते. ताई चारच म्हणते. दुकानाची पायरी फार उंच आहे, गुडघे असलेल्या माणसाचा त्यांनी विचार केलेला नाही, आणि एवढा बोपण्णा भिंतीवर लावून बसलेत म्हणावं.